मनोरुग्ण आरोपी किंवा कैदी सुटून गावात येतो तेव्हा: बेळगाव सीमाभागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, हुक्केरी या तालुक्यांतून आमच्याकडे येणाऱ्या चौकश्या दोन टोकांच्या असतात. घरचे विचारतात, आमचा माणूस कधी सुटणार? शेजारचे विचारतात, तो सुटून आला तर आमचं काय? दोघांनाही आम्ही एकाच पानावर उत्तरं देतोय. एकाला मिळालेलं उत्तर दुसऱ्याला माहीत नसलं की गावात अफवा पसरते आणि तिचा त्रास दोन्ही घरांना होतो.

आम्ही कायदेशीर मदतीच्या कामात हातभार लावणारे स्वयंसेवक आहोत. तुमच्या प्रकरणात शेवटचा शब्द वकिलाचा आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांचा. कलमांचे आकडे १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचे आणि भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे आहेत. त्याआधीच्या खटल्यांच्या कागदांवर जुनी कलमं दिसतील, म्हणून ती कंसात दिली आहेत.

१. डोक्यावर परिणाम झालेल्या माणसाला कुठल्याच गुन्ह्याची शिक्षा होत नाही, हे खरं आहे का?

नाही. न्याय संहितेचं कलम २२ (जुनं दंड संहितेचं कलम ८४) फार अरुंद आहे. कृत्य करताना, नेमक्या त्या वेळी, मनोविकलतेमुळे आपण काय करतोय हेच कळत नसेल, किंवा ते चूक आहे, बेकायदा आहे हे कळत नसेल, तरच ते कृत्य गुन्हा ठरत नाही. आजार आहे, गोळ्या चालू आहेत, दवाखान्याची फाईल जाडजूड आहे, एवढ्यावर माफी मिळत नाही. सुरेंद्र मिश्रा विरुद्ध झारखंड राज्य (२०११) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हेच सांगितलं: मानसिक आजार असलेला प्रत्येक जण आपोआप सुटत नाही.

२. मग तुरुंगात जे मनोरुग्ण असतात, ते नेमके कोण? सगळ्यांना एकच नियम लागतो का?

नियम वेगवेगळे आहेत, आणि बहुतेक गोंधळ इथूनच सुरू होतो. फोनवर आम्ही पहिल्यांदा विचारतो, "कागदावर काय लिहिलंय?" कारण "आमचा पोरगा आत आहे आणि त्याला खूळ लागलंय" या एका वाक्यात चार निरनिराळ्या अवस्था असू शकतात.

पहिली, आजारी आहे पण खटला समजण्याइतपत शुद्धीत आहे. हा साधा कच्चा कैदी, त्याने नेहमीचा जामीन मागायचा आणि आजार हे एक कारण म्हणून मांडायचं. दुसरी, आजारामुळे तो स्वतःचा बचावच करू शकत नाही, म्हणून खटला थांबलाय (प्रश्न ५). तिसरी, कलम २२ खाली निर्दोष ठरलाय, तरी ताब्यात आहे (प्रश्न ४). चौथी, शिक्षा झाली आणि ती भोगताना आजारी पडला (प्रश्न १७). तुमचं माणूस यातल्या कुठल्या गटात आहे ते कळल्याशिवाय पुढची उत्तरं वाचून उपयोग नाही. आदेशाची प्रत कन्नडमध्ये असेल आणि वाचता येत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन वाचून घ्या.

३. वेडाचं सोंग घेऊन लोक सुटत असतील ना?

प्रयत्न करणारे असतात. पण हा बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असतो. कायदा प्रत्येकाला शहाणा धरूनच सुरुवात करतो; दह्याभाई ठक्कर विरुद्ध गुजरात राज्य (१९६४) या निकालापासून ही चौकट पक्की आहे. कोर्ट घटनेच्या आधीचं, घटनेच्या वेळचं आणि नंतरचं वागणं पाहतं. हत्यार लपवलं का, पळून गेला का, आधीपासून उपचार चालू होते का, शेजाऱ्यांनी काय पाहिलं, हे सगळं तपासलं जातं. डॉक्टरसुद्धा एका भेटीत शेरा देत नाहीत. गरज पडली तर वॉर्डात दाखल करून निरीक्षण होतं, आणि झोप, जेवण, एकटं असतानाचं वागणं यांचं सोंग दिवसच्या दिवस वठवणं फार अवघड आहे.

आणि या बचावात यश मिळालं तरी लगेच सुटका होत नाही. ते पुढच्या उत्तरात.

४. कोर्टाने निर्दोष म्हटलं म्हणजे तो दुसऱ्या दिवशी गावात, असंच ना?

असं नाही. कृत्य त्याच्याच हातून झालं पण तेव्हा तो मनोविकल होता, असा निष्कर्ष निघाला तर सुरक्षा संहितेचं कलम ३७४ (जुनं फौजदारी प्रक्रिया संहितेचं ३३५) लागतं. कोर्टासमोर दोनच वाटा असतात: सुरक्षित ताब्यात ठेवणं, किंवा नातेवाईक वा मित्राच्या हवाली करणं. हवाली करायचं तर त्या नातेवाइकाने अर्ज करावा लागतो आणि जामीन द्यावा लागतो. नीट सांभाळ करीन, त्याला स्वतःला किंवा दुसऱ्या कुणाला इजा करू देणार नाही, आणि सांगितलेल्या वेळी, सांगितलेल्या अधिकाऱ्यासमोर हजर करीन, अशी ती हमी असते.

ताब्यात ठेवलं असेल तर पुढची सुटका राज्य सरकारच्या हातात जाते (कलम ३७७, जुनं ३३८). तुरुंगात असेल तर तुरुंग महानिरीक्षकांनी, रुग्णालयात असेल तर तिथल्या कायद्याने नेमलेल्या यंत्रणेने दाखला द्यावा लागतो की हा माणूस सुटल्यास त्याला किंवा इतरांना धोका नाही. कलम ३७८ (जुनं ३३९) खाली नातेवाईकही सरकारकडे अर्ज करू शकतात. अर्ज बंगळूरला जाऊन पडून राहिला, तर उच्च न्यायालयाच्या धारवाड खंडपीठात रिट याचिका दाखल करता येते.

ज्यांना वाटतं की निर्दोष म्हणजे मोकाट, त्यांनी ही सगळी पायऱ्यांची वाट एकदा लक्षात घ्यावी.

५. भावावर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा आहे. खटला सुरूच झालेला नाही, कारण तो भानावर नाही. त्याला जामीन मिळेल का?

मिळू शकतो, आणि इथला कायदा नेहमीच्या जामिनापेक्षा उदार आहे. कलम ३६९ (जुनं ३३०) सांगतं की बचाव करायला असमर्थ ठरलेल्या माणसाला, गुन्हा जामीनपात्र असो वा नसो, जामिनावर सोडता येतं. अटी दोन: त्याला दाखल करून उपचार देण्याची गरज नसावी, आणि नातेवाईक वा मित्राने हमी द्यावी की जवळच्या दवाखान्यात त्याला नियमित बाह्यरुग्ण उपचार मिळवून देईन आणि कुणाला इजा होऊ देणार नाही. कृत्य किती गंभीर आणि आजार किती खोल, हे कोर्ट पाहतंच. अटी पुऱ्या होत नसतील तर जिथे नियमित मानसोपचार मिळेल अशा ठिकाणी ठेवण्याचा आदेश होतो. आपल्या भागात हे ठिकाण बहुधा धारवाडची डिमहान्स ही सरकारी मानसोपचार संस्था असते.

अर्जात भावनांपेक्षा नियोजन लिहा. कुठल्या दवाखान्यात, कुठल्या वारी, कोण घेऊन जाणार, गोळ्या कोण देणार, घरात अजून कोण राहतं, रात्री त्याच्याजवळ कोण झोपणार. न्यायाधीशांना नेमकं हेच हवं असतं. "आम्ही काळजी घेऊ" हे वाक्य प्रत्येक अर्जात असतं आणि त्यातून त्यांना काहीच कळत नाही.

६. जामीनदार म्हणून आमचे मामा चंदगडचे आहेत. सातबारा महाराष्ट्राचा, कोर्ट बेळगावचं. नाकारतील का?

कधी कधी तोंडी सांगितलं जातं की स्थानिक जामीनदार आणि इकडचा आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) आणा. पण मोतीराम विरुद्ध मध्य प्रदेश राज्य (१९७८) या निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं आहे की जामीनदार किंवा त्याची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे, एवढ्या कारणावरून त्याला नाकारता येत नाही. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा तो निकाल, आणि दुसऱ्या प्रांतातल्या, दुसऱ्या भाषेच्या गरीब आरोपीचाच विचार त्यात केलेला आहे. सीमाभागातल्या प्रत्येक घराने तो माहीत करून घ्यावा. इथे रोटीबेटीचे व्यवहार सीमा बघून झालेले नाहीत. वकिलांना त्या निकालाचा उल्लेख अर्जातच करायला सांगा, आणि मामांचा आधार, सातबारा व आठ अ यांच्या ताज्या प्रती सोबत ठेवा.

७. तपासणाऱ्या डॉक्टरांना मराठी फारसं येत नव्हतं. आमचा मुलगा गप्प बसला आणि अहवालात "प्रतिसाद देत नाही" असं आलं. आता काय?

हा प्रश्न आम्हाला फार महत्त्वाचा वाटतो. मानसोपचारात तपासणी होते ती बोलण्यातूनच. संशय, भास, भीती हे सगळं माणूस आईच्या भाषेत सांगतो. मराठीच बोलणाऱ्या, त्यात आजारी असलेल्या मुलाला तोडक्यामोडक्या हिंदीत विचारलं, तर तो गप्प बसेल नाहीतर भलतंच काहीतरी सांगेल. त्यावरून तो आहे त्यापेक्षा बरा ठरू शकतो किंवा आहे त्यापेक्षा धोकादायक. दोन्हीही चूक.

तपासणीच्या आधीच लेखी अर्ज द्या की रुग्णाची भाषा मराठी आहे, दुभाषा मिळावा. दोन्ही भाषा येणारा नातेवाईक सोबत न्या, पण त्याला बजावून ठेवा की रुग्ण जे बोलेल तेच सांगायचं, स्वतःचं मत मिसळायचं नाही. तपासणी आधीच झालेली असेल तर कलम ३६७ आणि ३६८ (जुनी ३२८ आणि ३२९) खाली वैद्यकीय मंडळाकडे अपील करता येतं. या मंडळात जवळच्या सरकारी रुग्णालयातले मानसोपचार विभागप्रमुख आणि जवळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातले मानसोपचाराचे प्राध्यापक असतात. आणि खटल्यात आरोपीला न समजणाऱ्या भाषेत साक्ष झाली तर ती त्याला समजेल अशा भाषेत सांगायलाच लागते. ते मागा, संकोच नको.

८. बरा झाला नाही तर किती वर्षं आत ठेवू शकतात?

निर्दोष ठरून ताब्यात असलेल्यांसाठी कायद्यात वर्षांची मर्यादा लिहिलेली नाही. म्हणून घरच्यांनी पाठपुरावा सोडता कामा नये. आसामच्या मचांग लालुंग यांना १९५१ मध्ये अटक झाली आणि ते २००५ मध्ये सुटले. खटला न होता ५४ वर्षं. मधल्या काळात ते बरे झाल्याचा दाखलाही तेजपूरच्या मनोरुग्णालयातून गेला होता. कुणी विचारायला आलं नाही, कागद पुढे सरकला नाही, माणूस आत राहिला. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने लक्ष घातलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. सुटकेनंतर दोनेक वर्षांतच ते वारले.

दर तीन महिन्यांनी एक साधा लेखी अर्ज द्या: सध्याची प्रकृती काय, शेवटची तपासणी कधी झाली, बचावासाठी सक्षम असल्याचा दाखला पाठवला का. पोच घ्या आणि पोच जपून ठेवा.

९. बाहेर आल्यावर तो पुन्हा कुणावर हात उगारणार नाही, याची खात्री कोण देणार?

पूर्ण खात्री कुणीच देऊ शकत नाही. डॉक्टर नाही, न्यायाधीश नाही, आम्हीही नाही. पण धोका कशाने वाढतो आणि कशाने घटतो, हे बऱ्यापैकी माहीत आहे.

बंगळूरच्या निमहान्स या मानसोपचार संस्थेने केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत १२ राज्यांतल्या प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. म्हणजे दर दहा जणांत एक. हे सगळे हिंसक असते तर एकही गल्ली नांदली नसती. अमेरिकेतल्या मोठ्या लोकसंख्या पाहणीतही समाजातल्या एकूण हिंसेपैकी जेमतेम चार टक्के वाटा गंभीर मानसिक आजाराचा असल्याचं दिसलं.

दुसरं उदाहरण थेट सुटकेचं. १९६६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या बॅक्सस्ट्रॉम निकालामुळे न्यूयॉर्क राज्यातल्या ‘गुन्हेगार वेड्यां’च्या कडेकोट रुग्णालयांतून ९६७ जणांना साध्या मनोरुग्णालयांत हलवावं लागलं. डॉक्टरांनी त्यांना अतिधोकादायक ठरवलेलं होतं. पुढच्या चार वर्षांच्या पाठपुराव्यात त्यांच्यातले फारच थोडे पुन्हा कडेकोट जागी पाठवावे लागले. धोक्याचा अंदाज बांधताना माणूस चुकतो आणि बहुतेकदा भीतीच्या बाजूने चुकतो, हे तेव्हापासून लक्षात आलं.

आता दुसरी बाजू, कारण ती लपवणं शेजाऱ्यांवर अन्याय होईल. पुढच्या गोष्टी एकत्र आल्या तर धोका खरोखर वाढतो: गोळ्या बंद, दारू किंवा गांजा चालू, आधी हिंसा केल्याचा इतिहास, आणि ‘अमुक माणूस माझ्या जिवावर उठलाय’ असा पक्का संशय किंवा मारायला सांगणारे आवाज. यातली दारू सगळ्यात जास्त दुर्लक्षित. आणि हिंसा झालीच तर ती बहुधा परक्यावर होत नाही, घरातल्याच माणसावर होते, जास्त करून सांभाळ करणाऱ्या आईवर, बायकोवर, भावावर. म्हणून सुरक्षेचा विचार आधी त्या घराचा व्हायला हवा.

आमच्या कामात एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. सुटकेचा दिवस आणि पहिली ओपीडी यांच्यामध्ये जितके आठवडे रिकामे जातात, तितका धोका वाढतो. सुटकेला विरोध करण्यात जी शक्ती खर्च होते, तिच्यातली थोडी ते आठवडे भरून काढण्यात लागली तर गाव जास्त सुरक्षित राहील, असं आमचं ठाम मत आहे.

१०. सुटून घरी आल्यावर पहिल्या महिन्यात नेमकं काय करायचं?

आदेश तुरुंगात पोचून कागद पुरे होईपर्यंत बऱ्याचदा संध्याकाळ होते. हिंडलग्याच्या तुरुंगातून न्यायला जाताना दोघांनी जा, एकट्या वयस्कर आईला पाठवू नका. तिथेच तीन गोष्टी मागा: चालू औषधांची चिठ्ठी, सोबत दिलेल्या गोळ्या किती दिवसांच्या आहेत, आणि शेवटचं इंजेक्शन कुठल्या तारखेला दिलं. तिसरी गोष्ट लोक विसरतात. महिन्याने किंवा पंधरवड्याने घ्यायचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन चालू असेल आणि पुढची तारीख चुकली, तर घरात सगळं ठीक दिसत असतानाच आजार आतून परत येतो.

चिठ्ठीवर १-०-१ असं लिहिलेलं असतं. म्हणजे सकाळी एक, दुपारी नाही, रात्री एक. ०-०-१ म्हणजे फक्त रात्री. हे साधं वाटतं, पण अर्ध्या घरांत चुकीचं वाचलं जातं. खानापूरकडच्या एका आईने गोळ्यांच्या पट्ट्यांना दोरे बांधले होते, सकाळच्या पट्टीला पांढरा आणि रात्रीच्या पट्टीला काळा. तिला वाचता येत नव्हतं आणि तिची एकही गोळी चुकली नाही. आम्ही आता ही युक्ती सगळ्यांना सांगतो. गोळी हातात देऊन निघून जाऊ नका. पाणी पिऊन, दोन शब्द बोलेपर्यंत समोर बसा.

पहिली ओपीडी सुटकेपासून आठवड्याच्या आत. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. शिवाय कर्नाटक सरकारच्या मनोचैतन्य कार्यक्रमात तालुका रुग्णालयांत मंगळवारी मानसोपचारतज्ज्ञ येतात. त्या मंगळवारी आहेत का, हे आदल्या दिवशी विचारून घ्या, म्हणजे कणकुंबी-जांबोटीकडून केलेली फेरी फुकट जाणार नाही. ‘टेलिमानस’ या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं.

पूर्वलक्षणं प्रत्येकाची वेगळी असतात, पण झोप उडणं हे जवळजवळ सगळ्यांत आधीचं. सलग दोन-तीन रात्री झोप नसेल, एकटाच पुटपुटत असेल, जेवणात काहीतरी घातलंय म्हणत असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता घेऊन जा. यात्रा, गणपती, लग्नसराई या दिवसांत जागरणं आणि दारू दोन्ही होतात. त्या आठवड्यात जास्त लक्ष हवं. देवाला नेऊ नका असं आम्ही कुणालाच म्हणत नाही. सौंदत्तीला जा, जोतिबाला जा, गोळ्यांची पिशवी सोबत न्या. भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, चटके असलं काही चाललं असेल तर तो कर्नाटकाच्या २०१७ च्या अघोरी प्रथाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे.

११. तो गोळ्या घ्यायला तयारच नाही. जबरदस्तीने दाखल करता येतं का?

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ८९ खाली, रुग्णाच्या कायद्याने ठरलेल्या प्रतिनिधीच्या (नामनिर्देशित प्रतिनिधीच्या) अर्जावर आणि दोन तज्ज्ञांच्या स्वतंत्र तपासणीनंतर, ३० दिवसांपर्यंत दाखल करता येतं. त्यासाठी स्वतःला किंवा इतरांना इजा केल्याचा वा धमकावल्याचा अलीकडचा पुरावा, किंवा स्वतःची देखभाल करता न येणं, असं कारण लागतं. जास्त काळ ठेवायचं तर कलम ९० आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाची मंजुरी. कोर्टाच्या जामिनावर असेल तर गोळ्या बंद केल्याचं वकिलामार्फत कोर्टाला कळवा. तुम्ही हमी दिलेली आहे. लपवल्यास अडचणीत तुम्हीच येता. चहात गोळी मिसळणं टाळा. एकदा कळलं की जेवणावरचा विश्वास जातो आणि संशयाला खतपाणी मिळतं.

१२. तोपर्यंत खोलीत कोंडून किंवा साखळीने बांधून ठेवलं तर चालेल का? दुसरा उपायच नाही.

नाही चालणार. मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ९५ साखळीला कुठल्याही स्वरूपात मनाई करतं. ६ ऑगस्ट २००१ ला तमिळनाडूतल्या एरवाडीत आग लागली तेव्हा साखळीने बांधलेले २८ रुग्ण पळता न आल्यामुळे जळून मेले. घरातल्या हतबलतेची आम्हाला पूर्ण जाणीव आहे. शेतावर जायचं असतं आणि मागे लक्ष ठेवायला कुणी नसतं. पण ती वेळ आली म्हणजेच दाखल करण्याची वेळ आली, असं समजा (प्रश्न ११).

१३. तो सुटल्याचं गावाला कळवायची सरकारची जबाबदारी नाही का?

गावभर जाहीर करण्याची तरतूद नाही. आजाराची माहिती गोपनीय असते (मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम २३). दुसऱ्याला इजा होण्यापासून वाचवण्यासाठी लागेल तेवढीच माहिती, किंवा सार्वजनिक सुरक्षेसाठी आवश्यक माहिती देता येते. म्हणजे ज्या शेजाऱ्याचं नाव घेऊन तो धमक्या देत होता, त्याला सावध करणं योग्य. त्याचा फोटो "सावधान" म्हणून गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकणं योग्य नाही.

आमचा सल्ला घरच्यांना असा की दोन-तीन विश्वासू लोकांना तुम्ही स्वतःच सांगून ठेवा: आशाताई, बीट हवालदार, आणि समोरच्या घरातलं एखादं समजूतदार माणूस. तुमच्याकडून कळलं तर ते मदतीला येतात, बाहेरून कळलं तर लांब पळतात.

१४. मी शेजारी आहे. माझ्या लहान मुली अंगणात खेळतात. मला भीती वाटते, मी काय करू?

तुमची भीती खरी आहे, तिची लाज बाळगू नका. घरच्यांना थेट विचारा की उपचार चालू आहेत का. बहुतेक घरं उलट मोकळी होतात. चिडवणं, मुलांनी दगड मारणं, ‘खुळा आला’ म्हणून ओरडणं मात्र कटाक्षाने थांबवा. चिथावणीतून उद्भवलेले प्रसंग आम्ही जास्त पाहिलेत.

तो अंगावर येण्याच्या बेतात असेल तर गर्दी करू नका, घेरू नका, वाट मोकळी ठेवा, आणि ११२ ला फोन करा. आजारामुळे स्वतःला वा इतरांना धोका असलेल्या माणसाला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०० खाली पोलिसांनी संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं असतं. त्याला लॉकअपमध्ये किंवा तुरुंगात ठेवता येत नाही. फोनवरच "मनोरुग्ण आहे, दवाखान्यात न्यायचंय" असं सांगा.

१५. आमच्या घरचं माणूस त्याच्या हातून गेलं. तो निर्दोष, तो घरी, आणि आम्हाला काय?

तुमच्या दुःखावर या पानावरचं कुठलंही उत्तर पुरेसं नाही. पण हक्क आहेत आणि ते तुम्हाला कुणी आपणहून सांगत नाही, म्हणून इथे लिहितो. जामिनाच्या सुनावणीत तुमचं म्हणणं ऐकून घेतलं गेलंच पाहिजे. जगजीत सिंग विरुद्ध आशिष मिश्रा (२०२२) या निकालाने हे पक्कं केलंय. निर्दोषत्वाविरुद्ध अपील करायचा हक्क कलम ४१३ (जुनं ३७२) देतं. आणि आरोपी सुटला तरी भरपाई बुडत नाही. कलम ३९६ (जुनं ३५७ अ) खाली निर्दोष सुटकेच्या खटल्यातही कोर्ट पीडितांच्या पुनर्वसनासाठी शिफारस करू शकतं. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात. मदतीचा क्रमांक १५१००.

सुटकेच्या अटींत तुमच्या गल्लीत न येण्याची अट घालावी, अशी मागणीही तुम्ही करू शकता. ती मागणी रास्त आहे.

१६. मेलेली आमची आई, मारणारा आमचाच भाऊ. वडील म्हणतात घरी आणूया, बहीण म्हणते तो आला तर मी येणार नाही. कायदा कुणाची बाजू घेतो?

कायदा इथे गप्प आहे. हवाली करताना नातेवाइकांत एकमत हवं असं कुठेही लिहिलेलं नाही. हमी देणारा सक्षम आहे का एवढंच बघितलं जातं. पण कोर्टाने विचारलं तर बहिणीचं म्हणणं लपवू नका. सत्तरी ओलांडलेले वडील एकटे त्याला सांभाळणार असतील, तर ती हमी प्रत्यक्षात टिकणार नाही, आणि पुढचा बळी तेच असू शकतात (प्रश्न ९). काही घरांनी मधली वाट काढलीय: मुलगा काही महिने पुनर्वसन केंद्रात, वडिलांच्या नियमित भेटी, बहिणीला तिचा वेळ. बहिणीवर "रक्ताचं नातं" म्हणून दबाव आणू नका. तिचीही आई गेलीय.

१७. शिक्षा भोगताना आजारी पडला. दवाखान्यात काढलेले दिवस शिक्षेत धरतात का?

धरतात. शिक्षेची मुदत संपली की त्याला सोडावंच लागतं; आजारी आहे म्हणून तुरुंगात ठेवता येत नाही. तेव्हाही उपचाराची गरज असेल तर प्रश्न ११ मधली वाट. कारागृहातल्या आजारी कैद्याच्या उपचाराची तरतूद मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम १०३ मध्ये आहे. फाशीची शिक्षा झालेल्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २०१४ च्या शत्रुघ्न चौहान निकालात मानसिक आजार हे शिक्षा कमी करण्याचं कारण मानलं, आणि २०१९ मध्ये एका महाराष्ट्राच्या प्रकरणात शिक्षेनंतर जडलेला गंभीर आजारही धरला. त्या कैद्याची सुटका झाली नाही. उरलेलं आयुष्य तुरुंगातच, पण उपचारांसह.

१८. सुटकेचा आदेश झाला, पण न्यायला कुणीच तयार नाही. मग?

हे दिसतं त्यापेक्षा जास्त घडतं. कायदा ‘नातेवाईक किंवा मित्र’ म्हणतो, त्यामुळे गावातला जुना मित्र, शेताचा मालक, एखादी संस्थाही पुढे येऊ शकते. कुणीच नसेल तर समाजात राहण्याचा हक्क (मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम १९) आणि त्यासाठी निवाऱ्याची सोय करण्याची जबाबदारी सरकारची. बरे होऊनही मनोरुग्णालयांत पडून राहिलेल्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयाने गौरव कुमार बन्सल प्रकरणात २०१७ मध्ये पुनर्वसनाचे निर्देश दिलेत. विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करताना त्याचा हवाला द्या.

१९. आमचा मुलगा आजारी नाही, जन्मापासून मतिमंद आहे. त्यालाही हेच लागू?

बरंचसं, पण एक मोठा फरक आहे. मानसिक आजार बरा होऊन खटला पुन्हा सुरू होऊ शकतो. बौद्धिक अक्षमतेत तसं नसतं, म्हणून बचावाला असमर्थ ठरल्यास कोर्ट खटला लांबवत बसत नाही, तो बंद करून कलम ३६९ खाली पुढची व्यवस्था लावतं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातल्या ‘मानसिक आजारा’च्या व्याख्येत मतिमंदत्व येत नाही, तेव्हा प्रश्न ११ मधली दाखल करण्याची वाट त्याला लागू नाही. दिव्यांग ओळखपत्र काढून ठेवा. कोर्टात ते उपयोगी पडतं.

२०. जामीन बेळगावच्या कोर्टाचा. पण आम्हाला कोल्हापूर, मिरज जवळ आणि भाषेलाही सोयीचं. उपचार तिकडे घेता येतील का?

कायद्यात शब्द ‘जवळचा दवाखाना’ असा आहे, राज्याचं नाव नाही. निपाणीहून कोल्हापूर धारवाडपेक्षा खूपच जवळ आहे. पण न विचारता तिकडे सुरू करू नका. जिल्हा किंवा राज्य सोडू नये अशी अट आदेशात असेल तर तपासणीला जाणंसुद्धा अटभंग ठरेल. अर्ज करून दवाखान्याचं नाव आदेशात घालून घ्या, आणि दर भेटीची पावती फाईलला लावा. तिकडचे अहवाल मराठीत असतील तर भाषांतर जोडावं लागेल, म्हणून डॉक्टरांकडून इंग्रजीत सारांश मागा.

तो रुग्णालयात दाखल असेल आणि रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात हलवायचं असेल, तर गोष्ट वेगळी. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात हलवायला मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम ९३ खाली केंद्रीय मानसिक आरोग्य प्राधिकरणाची संमती लागते, आणि तो कोर्टाच्या आदेशाने ताब्यात असेल तर कोर्टाचीही परवानगी घ्या. याला वेळ लागतो. तोपर्यंत धारवाडचे उपचार सोडू नका.